सप्टेंबरात बीएस्सी सोडली, फी परत मिळाली: डिचोली तालुक्यातल्या एका मुलीचं प्रकरण

प्रकरण २०२४ सालचं आहे. गोव्यात साखळीजवळच्या एका गावातली मुलगी, बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास, जूनमध्ये एका खाजगी कॉलेजात बीएस्सी बायोटेकला ऍडमिशन घेतलं, सेल्फ फायनान्स कोर्स, फी ३२,६०० रुपये एकरकमी भरली. सप्टेंबरात तिला बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाच्या डिग्रीची, सीट लागली. कॉलेज म्हणालं फी परत नाही, ओरिजिनल मार्कशीटसुद्धा लगेच मिळणार नाही. शेवटी नोव्हेंबरात फी परत आली. पण त्या दोन महिन्यांत त्या घरावर काय गेलं ते मी जवळून बघितलंय, माझं साखळीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिचे सगळे फॉर्म आमच्याकडेच भरलेले. कॉलेजचं आणि मुलीचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही, कारण हेच दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मुलाच्या बाबतीत होतं आणि बहुतेक घरं गप्प बसतात.

आधी घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे ३२,६०० हा आकडा किती मोठा ते कळेल. वडलांचा टिपर. खाणी चालू होत्या तेव्हा बरं चाललं होतं, पण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजं रद्द केली आणि मार्चपासून खाणी बंद झाल्या तेव्हापासून टिपर कधी रेतीला, कधी चिऱ्याला, मिळेल त्या कामाला. आई बचत गटात आहे. जूनमध्ये फी भरताना अर्धे पैसे बचत गटातून कर्ज काढले, अर्धे मामाने घातले, आणि सगळे मामाच्याच खात्यातून ऑनलाइन भरले. ही मामाच्या खात्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, बीएएमएसच करायचं होतं तर बीएस्सीला कशाला गेली. हा प्रश्न कॉलेजच्या ऑफिसातही विचारला गेला, जरा चढ्या आवाजातच. पण त्यात मुलीची काय चूक? आमच्याकडे डिग्री कॉलेजांची ऍडमिशनं मे-जूनमध्ये उरकतात आणि लेक्चर सुरू पण होतात, तर प्रोफेशनल कोर्सचे राउंड पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून त्यांच्या वेळेने चालतात, त्यात नीटवरच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेवरच्या, कोर्सचं तर सगळ्यात शेवटी. आणि २०२४ ला नीटचं जे रामायण झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पेपरफुटीचा वाद, केस सुप्रीम कोर्टात, २३ जुलैला कोर्टाने फेरपरीक्षा नको म्हणून सांगितलं आणि त्यानंतर काउन्सेलिंग सुरू व्हायला ऑगस्टचा मध्य उजाडला. आधी एमबीबीएसचं, मग आयुषचं, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथी वगैरेचं. तोपर्यंत मुलाने घरी बसून राहायचं? सीट नाही लागली तर वर्ष फुकट. म्हणून सगळेच एक ऍडमिशन हातात ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. सुट्टी संपली, कॉलेज उघडलं आणि त्याच सुमारास सीटची यादी आली. वडील लगेच कॉलेजात गेले आणि क्लार्कला तोंडी सांगितलं, मुलीचं दुसरीकडे झालं, काय करायचं. क्लार्क वयाने मोठे, स्वभावाने वाईट नाहीत, ते म्हणाले, "अरे, प्रिन्सिपल सर रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात ये, बघू." वडील परत आले. पुढच्या आठवड्यात परत गेले तर अकाउंटंट नाही. असे दिवस गेले. आणि या सगळ्या प्रकरणात सर्वात धोक्याचा भाग कुठला असेल तर तो हाच, कारण कागदोपत्री त्या मुलीने अजून कॉलेज सोडलेलंच नव्हतं. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंद होत नाही. आणि घड्याळ चालू होतं, कुठलं घड्याळ ते आता सांगतो.

फी परतीचे नियम यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, आहेत आणि इथे दोन वेगवेगळे कागद आहेत, लोक ते एकमेकांत मिसळतात.

पहिला कागद ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना. त्यात एक तक्ता आहे, ऍडमिशनची जी शेवटची तारीख अधिकृतपणे जाहीर झालेली असते ती धरून. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी सोडलं तर १०० टक्के परत, फक्त फीच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये प्रोसेसिंगचे कापता येतात. १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असताना सोडलं तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि ३० दिवस उलटून गेले की शून्य. टक्केवारी एकूण फीवर, म्हणजे ट्युशन आणि बाकीच्या सगळ्या फिया मिळून, पण डिपॉझिट त्यात धरायचं नाही, कारण डिपॉझिट पूर्णच परत करायचं असतं, कुठल्याही टप्प्यावर. आणि लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे.

दुसरा कागद म्हणजे २०२४-२५ या वर्षासाठी यूजीसीने काढलेली फी परतीची पॉलिसी. ती अगदी सरळ आहे, ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ऍडमिशन रद्द केलं तर पूर्ण फी परत, आणि त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी परत. तिथे ऍडमिशनची शेवटची तारीख कधी होती, किती दिवस झाले, हा हिशोबच नाही. कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी हे लागू, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अशी पॉलिसी कोविडनंतरच्या वर्षांत दरवर्षी निघत आली, तारखा बदलतात. २०२३-२४ ला पण ३० सप्टेंबर आणि ३१ ऑक्टोबरच होत्या, त्याच्या आदल्या वर्षी ३१ ऑक्टोबर आणि ३१ डिसेंबर. म्हणून मित्राने गेल्या वर्षी काय केलं ते बघून चालत नाही, आपल्या वर्षाचं परिपत्रक शोधायचं, आणि त्या वर्षी वेगळं परिपत्रक नसेल तर २०१८ चा तक्ता.

आता या मुलीचा हिशोब करून बघा. पावतीवर ट्युशन २४,०००, लॅब ३,०००, रजिस्ट्रेशन-परीक्षा-लायब्ररी-जिमखाना वगैरे मिळून ३,६००, आणि डिपॉझिट २,०००. म्हणजे डिपॉझिट सोडून ३०,६००. कॉलेजने ऍडमिशनची शेवटची तारीख जुलैच्या मध्यावरची लावली होती. २०१८ चा तक्ता लावला तर सप्टेंबरात ३० दिवस कधीच उलटून गेले, म्हणजे ३०,६०० वर शून्य, हातात फक्त २,००० चं डिपॉझिट. २०२४-२५ ची पॉलिसी लावली तर ३० सप्टेंबरच्या आत अर्ज असेल तर अख्खे ३२,६००. एकच मुलगी, एकच तारीख, एका कागदाने दोन हजार आणि दुसऱ्या कागदाने साडेबत्तीस हजार.

हे मी वडलांना दुकानात बसवून समजावलं तेव्हा सप्टेंबरची वीस-बावीस तारीख आली होती. त्यांनी घरून एक अर्ज लिहून आणला होता, आमच्याकडे टाइप करायला. सुंदर अक्षर, पण मजकूर असा, की मी गरीब ट्रकवाला, माझी परिस्थिती हलाखीची, कृपया सहानुभूतीने विचार करून शक्य तेवढी फी परत द्यावी ही नम्र विनंती. वाचून मला फार वाईट वाटलं. हा माणूस स्वतःच्या हक्काचे पैसे मागायला हात जोडून उभा होता. आणि त्यात मोठी अडचण अशी की त्या पूर्ण अर्जात ‘मी ऍडमिशन रद्द करते’ हे वाक्यच नव्हतं. उद्या कोणी म्हणालं की ही फक्त सवलतीची विनंती होती, कॉलेज सोडल्याचा अर्ज नव्हता, तर उत्तर काय देणार?

म्हणून नवीन अर्ज केला, मुलीच्या नावाने, तिच्या सहीचा, खाली वडलांची सही. पहिलंच वाक्य, मी अमुक वर्गातली अमुक रोल नंबरची विद्यार्थिनी आजच्या तारखेपासून माझा प्रवेश रद्द करत आहे. दुसरं, यूजीसीच्या २०२४-२५ च्या फी परतीच्या पॉलिसीप्रमाणे भरलेली पूर्ण रक्कम ३२,६०० रुपये, डिपॉझिट धरून, परत मिळावी. तिसरं, जमा केलेली ओरिजिनल कागदपत्रं परत मिळावीत, आणि कुठली कुठली ती नावाने लिहिली. मग बँकेचा तपशील, पावतीची झेरॉक्स, ऑनलाइन भरल्याचा रेफरन्स नंबर, आणि परिपत्रकाची प्रिंट जोडली. एक पान, बस. गरिबी, ट्रक, खाण, यातलं काही नाही. पैसे परत मिळणं परिस्थितीवर अवलंबून नाही, श्रीमंताच्या मुलीलाही तेवढेच मिळतात.

२३ सप्टेंबर, सोमवार. बापलेक दोघं सकाळच्या कदंबा बसने गेली. दोन प्रती, एक द्यायची आणि दुसऱ्यावर आवकचा शिक्का तारखेसकट घ्यायचा. शिक्का मिळाला नाही. क्लार्क म्हणाले, "बाय, सरांनी बघितल्याशिवाय मी शिक्का कसा मारू, ठेवून जा इथे." मुलीने मला फोन केला, मी सांगितलं ठेवून ये पण आजच परत साखळीला ये. दुपारी आमच्याकडून तिच्या ईमेलवरून कॉलेजच्या वेबसाइटवर दिलेल्या अधिकृत आयडीला तोच अर्ज स्कॅन करून पाठवला, आणि पोस्टात जाऊन रजिस्टर एडी केलं, म्हणजे पोचपावतीचं कार्ड सही होऊन परत येतं ते. पोस्टाची पावती, ईमेलची वेळ, दोन्ही २३ तारखेची. काही दिवसांत एडीचं गुलाबी कार्ड सही होऊन परत आलं, तारीख सप्टेंबरातलीच. मी सांगतो, पुढे जे काही झालं ते या कार्डाच्या जोरावर झालं. शिक्का दिला नाही म्हणून भांडत बसायचं नाही, पोस्ट ऑफिस आहे ना.

मधे ओरिजिनलचा प्रश्न जास्त तातडीचा होता, कारण नवीन कॉलेजला जॉइन व्हायची मुदत होती आणि तिथे ओरिजिनल मार्कशीट दाखवल्याशिवाय ऍडमिशन पक्कं होत नव्हतं. इकडे ऑफिसातून सांगितलं, सीट आता रिकामी राहणार, आधी उरलेल्या वर्षांच्या फीचं काहीतरी बोला मग कागद न्या. हे ऐकून आई रडायलाच लागली, तिला वाटलं आता तीन वर्षांची फी भरायला लागणार आणि ती म्हणाली राहू दे ते बीएएमएस, बीएस्सीच कर. एका वाक्याने मुलीचं करिअर बदललं असतं. आणि ते वाक्य साफ नियमाविरुद्ध होतं. २०१८ च्याच अधिसूचनेत आहे की कॉलेजने ओरिजिनल फक्त तपासायचे, समोर तपासून लगेच परत द्यायचे, ठेवायच्या त्या सही केलेल्या झेरॉक्स. ओरिजिनल अडकवून ठेवणं हेच मुळात बंद आहे. आणि पुढच्या वर्षांच्या फीबद्दल म्हणाल तर २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने इस्लामिक अकॅडमीच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की एका वेळी एका सेमिस्टरची किंवा एका वर्षाचीच फी घेता येते. जी फी आगाऊ घेताच येत नाही ती सोडून जाताना कशी मागणार?

हे मी मुलीलाच लिहून दिलं, दोन ओळी, अधिसूचनेच्या कलमासकट, आणि ती एकटी गेली. एकोणीस वर्षांची पण झाली नव्हती. तिने क्लार्ककडे न बोलता प्रिन्सिपल सरांच्या केबिनबाहेर थांबून सरांना तो कागद दिला. सरांनी वाचला आणि अर्ध्या तासात मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट हातात. फीबद्दल म्हणाले ऑफिसकडून उत्तर येईल. मला वाटतं सरांना हे माहीत होतं, खालच्या टेबलावर मात्र जुनी पद्धत तशीच चालू होती. बऱ्याच ठिकाणी असंच असतं, म्हणून खालच्या टेबलावरच्या नकाराला शेवटचं उत्तर समजू नये.

नवीन ऍडमिशन झालं. तिथल्या फीसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचा फॉर्म आमच्याकडेच भरला, पण त्याला कागद जमवा, जामीन, मंजुरी, वेळ लागतो, आणि पहिला हप्ता तोपर्यंत स्वतःच्या खिशातून. त्यासाठी आईने बांगड्या ठेवल्या. जुन्या कॉलेजात ३२,६०० पडून आणि इथे बांगड्या गहाण, हे बघून माझं डोकं फिरायचं. फी परत द्यायला उशीर केला तर कॉलेजच्या हिशोबात काही फरक पडत नाही, पण घरात त्याच पैशांवर दुसरी फी भरायची असते. पंधरा दिवसांची मुदत म्हणूनच आहे.

पंधरा दिवस ८ ऑक्टोबरला संपले. त्याच सुमारास कॉलेजचं पत्र आलं, आणि ते पत्र उडवाउडवीचं नव्हतं, त्यात मुद्दा होता. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार ऍडमिशनच्या शेवटच्या तारखेला ३० दिवसांपेक्षा जास्त झाले असल्याने परतावा शून्य टक्के, डिपॉझिटचे २,००० देण्यात येतील. शिवाय प्रॉस्पेक्टसमधलं वाक्य, एकदा भरलेली फी कुठल्याही कारणास्तव परत केली जाणार नाही, आणि त्याच्याखाली पालकांची सही.

प्रॉस्पेक्टसच्या वाक्याला काही अर्थ नव्हता, परिपत्रकानेच ते बाजूला केलेलं. पण २०१८ चा तक्ता दाखवला की माणूस गार पडतो, कारण तो खरा आहे, खोटा नाही. वडील म्हणालेच, "यूजीसीचाच नियम आहे म्हणतात, मग काय करणार." इथे बहुतेक लोक हार मानतात. फक्त एवढंच दाखवायचं होतं की त्या वर्षासाठी यूजीसीनेच नंतर वेगळी पॉलिसी काढली, तिच्यात तारखा दिलेल्या आहेत, अर्ज त्या तारखेच्या आत आहे, तक्त्याकडे जायची वेळच येत नाही.

कॉलेजची बाजू मी समजतो, ती पण सांगतो. सेल्फ फायनान्स कोर्सला सरकारचं पगाराचं अनुदान नसतं, शिकवणारे कॉन्ट्रॅक्टवर किंवा लेक्चरवर, त्यांचे पैसे मुलांच्या फीतूनच जातात. सप्टेंबरात सोडलेली सीट परत भरत नाही, ती तीन वर्षं रिकामी जाते. छोट्या वर्गात अशी चार-पाच मुलं गेली तर हिशोब कोलमडतो आणि त्याचा फटका कदाचित त्या लेक्चरवरच्या मॅडमलाच बसतो. हे नुकसान खरं आहे. पण ते कोणी सोसायचं? दोन ऍडमिशनांच्या वेळापत्रकात तीन महिन्यांचं अंतर मुलीने पाडलेलं नाही. संस्थेला दरवर्षीचा अनुभव असतो, किती मुलं जातात ते माहीत असतं, वेटिंग लिस्ट लांबवता येते, बजेट तसं करता येतं. टिपरवाल्याच्या घराला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून नियमाने भार संस्थेवर टाकला ते मला योग्यच वाटतं.

मग तक्रार. यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम एप्रिल २०२३ चे आहेत, त्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी. फी परत न देणं किंवा कागदपत्रं अडकवणं हे त्या नियमांत तक्रारीचा विषय म्हणून नाव घेऊन लिहिलंय. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाली काढायचं. यूजीसीचं ई-समाधान पोर्टल पण आहे २०२२ पासून. काही जण म्हणाले डायरेक्ट ग्राहक आयोगात जा. मी नको म्हटलं, कारण शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येतात का यावरच वर्षानुवर्षं वाद आहे आणि २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाने कोचिंग क्लास सोडून बाकी शिक्षणसंस्था त्यात येत नाहीत असं म्हटलेलं. त्या वाटेला गेलं की मूळ मुद्दा बाजूला आणि पणजीच्या फेऱ्या सुरू.

समितीपुढची तक्रार एका पानाची. सोबत चार कागद, अर्ज, पोस्टाची पावती आणि एडी कार्ड, २०२४-२५ ची पॉलिसी, आणि कॉलेजचं नकाराचं पत्र. समितीने बापलेकीला बोलावलं. मुलगी सांगते की वातावरण चांगलं होतं, एका मॅडमनी पॉलिसीची प्रिंट हातात घेऊन तारखेखाली पेनाने रेघ मारली आणि अकाउंटंटना विचारलं, अर्ज कधी मिळाला. ते म्हणाले फाइलला ऑक्टोबरची नोंद आहे. म्हणजे ठेवून आलेल्या अर्जाची नोंद ऑक्टोबरात झाली होती! मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, सर आल्यावर नोंद झाली असेल. पण एडी कार्ड नसतं तर अर्ज ऑक्टोबरचा धरला गेला असता. मुलीने कार्ड समोर ठेवलं आणि तो विषय तिथेच संपला.

दुसरा मुद्दा अकाउंटंटनी काढला, की रजिस्ट्रेशन आणि परीक्षेचा वाटा विद्यापीठाकडे गेलेला आहे, तो कॉलेज कुठून देणार. मुद्दा रास्त वाटतो ऐकायला. पण पॉलिसी पूर्ण फी म्हणते, कॉलेजकडे शिल्लक राहिलेली फी म्हणत नाही. मुलीने पैसे कॉलेजला भरले, पावती कॉलेजची, पुढे कोणाकडे किती गेले तो त्या दोघांमधला हिशोब. समितीने हे मान्य केलं.

समितीचा कागद हातात येण्याआधीच नोव्हेंबरात पैसे जमा झाले, ३०,६००. पण जमा कुठे झाले तर मामाच्या खात्यात, अर्जात मुलीचं खातं दिलं असूनही. ऑनलाइन ज्या खात्यातून भरले तिथेच परत गेले, आणि अख्खे, म्हणजे बचत गटाच्या कर्जाचे रोख पैसे मामाला देऊन त्याच्याकडून भरलेले ते पण. मामा भला माणूस, त्याच संध्याकाळी आईच्या हिश्श्याचे आणून दिले. पण सगळ्याच घरांत असं होत नाही, पुण्याच्या एका चुलत्याच्या कार्डावरून भरलेली फी परत त्याच्याकडे गेली आणि मग दोन घरांत बोलणं बंद, असं एक उदाहरण आमच्या गावातच आहे. जमत असेल तर फी मुलाच्या किंवा आईवडलांच्या खात्यातूनच भरावी, दुसऱ्याचे पैसे असतील तर आधी आपल्या खात्यात घेऊन मग.

डिपॉझिटचे २,००० वेगळे राहिले, त्याला ओरिजिनल पावती मागितली आणि लायब्ररी, लॅबचं नो ड्यूज. तो चेक डिसेंबरात मिळाला.

हेच प्रकरण थोडं वेगळं असतं तर काय झालं असतं ते पण सांगतो, कारण दुकानात लोक तेच विचारतात. अर्ज ऑक्टोबरात गेला असता तर १,००० पर्यंत कापून ३१,६०० तरी मिळालेच असते. नोव्हेंबरात गेला असता तर मात्र २०१८ चा तक्ता, आणि मग फक्त डिपॉझिट. इंजिनिअरिंगसारखा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा, कोर्स असेल तर त्यांचे नियम बघावे लागतात, कोर्स सुरू व्हायच्या आधी सोडलं तर जास्तीत जास्त १,००० कापून बाकी परत, सुरू झाल्यावर सोडलं आणि ती सीट शेवटच्या तारखेपर्यंत दुसऱ्याने भरली तर महिन्याच्या हिशोबाने कापून परत, आणि भरली नाही तर डिपॉझिट आणि कागदपत्रं तेवढी. २०२४-२५ पासून बीसीए आणि बीबीए पण एआयसीटीईखाली आलेत, हे खूप पालकांना अजून माहीत नाही, त्यांनी दोन्हीकडचं परिपत्रक काढून बघावं.

मुलगी आता बीएएमएसच्या पुढच्या वर्षात आहे. महामंडळाचं कर्ज मंजूर झालं, बांगड्या सुटल्या. आणि त्या कॉलेजचा २०२५ चा प्रॉस्पेक्टस आमच्याकडे एका मुलाच्या फॉर्मसाठी आला होता, मी फीचं पान मुद्दाम उघडून बघितलं. ‘एकदा भरलेली फी परत केली जाणार नाही’ हे वाक्य अजून आहे, फक्त त्याच्या पुढे आता ‘यूजीसीच्या त्या वर्षीच्या नियमांना धरून’ एवढं जोडलंय.